मेलेला माणूस कुठे थांबतो? जपानी सिनेमातला मृत्यू आणि पुनर्जन्म

२०२५ च्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमेपट आपल्याकडे थिएटरांत लागला, तेव्हा कॉलेजात जाणारी भाची मला सोबत म्हणून घेऊन गेली. ज्याला मारायचं तो राक्षसच शेवटी माणूस असतानाचं आपलं आयुष्य आठवतो, त्याची माणसं त्याला दिसतात, आणि इतका वेळ त्याच्यावर चिडलेलं थिएटर त्याच्याचसाठी डोळे पुसू लागतं. परतताना रिक्षात भाची म्हणाली, "याच्या मालिकेत सुरुवातीला हिरो मारलेल्या राक्षसासाठी प्रार्थना करतो, की पुढच्या जन्मी तरी हा राक्षस होऊ नये. पण मावशी, बौद्ध धर्मात आत्मा मानत नाहीत ना? मग पुढच्या जन्मी येणार कोण?"

प्रश्न अगदी नेमका होता. जपानी सिनेमे बघणाऱ्या अनेकांना तो पडतो आणि नीट उत्तर न मिळाल्यामुळे तसाच राहून जातो. गेली कित्येक वर्षं मी हे सिनेमे पाहते आहे, त्यातून मला जे उमगलं ते इथे मांडते.

आत्मा नाही, मग जन्म कुणाचा?

घरच्या विरजणापासून सुरुवात करू. काल रात्री चमचाभर दही दुधात घातलं, सकाळी नवं दही लागलं. उद्या त्यातलाच चमचा परवाचं दही लावेल. आईकडून आणलेलं विरजण वर्षानुवर्षं असं चालत राहतं. आता सांगा, आजचं दही आणि दहा वर्षांपूर्वीचं दही एकच का? नाही, त्यातला कणही उरलेला नाही. मग वेगळं का? तसंही म्हणवत नाही, कारण त्याच्याशिवाय हे लागलंच नसतं. काहीच 'जसंच्या तसं' पुढे गेलं नाही, तरी धागा तुटला नाही.

बौद्ध विचारात जन्मानंतरचा जन्म साधारण असा असतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला नेमकं हेच विचारतो, आणि नागसेन दूध, दही, लोणी, तूप यांचाच दाखला देतो. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावल्याचाही देतो. ज्योत इकडून उचलून तिकडे ठेवलेली नसते, पण ही पेटली म्हणून ती पेटली. 'अनात्म' म्हणजे हेच. आत बसलेला, कधी न बदलणारा 'मी' नाही. कर्मांचा आणि इच्छांचा प्रवाह आहे, आणि तो पुढे वाहतो.

याचा सिनेमावर काय परिणाम होतो हे समजायला आपले हिंदी सिनेमे आठवा. 'मधुमती' (१९५८), 'कर्ज' (१९८०), 'करण अर्जुन' (१९९५). माणूस मरतो, पुन्हा जन्मतो, त्याला सगळं आठवतं आणि तो जुना हिशेब पुरा करतो. 'करण अर्जुन'मध्ये तर आईला मुलं त्याच चेहऱ्यांनी परत मिळतात. तिथे आत्मा म्हणजे कपडे बदलून आलेला तोच माणूस. जपानी सिनेमात हे सहसा घडत नाही, कारण परत यायला 'तोच' कुणी नाहीच. म्हणून तिथल्या दिग्दर्शकांचं लक्ष पुढच्या जन्मापेक्षा मधल्या जागेवर राहिलं: मेलेला माणूस अजून पोचला नाही, आणि मागे राहिलेल्यांनी अजून हात सोडला नाही, ती वेळ. माझ्या मते जपानी सिनेमातला सगळा बौद्ध मृत्यू या मधल्या वेळेत घडतो.

जन्म शिंतोचा, मरण बुद्धाचं

इथे एक शंका येते. जपानी लोक शिंतोही मानतात, मग हे बौद्ध कशावरून? जपानमध्ये म्हणतात, माणूस शिंतो पद्धतीने जन्मतो आणि बौद्ध पद्धतीने मरतो. शिंतो म्हणजे निसर्गातल्या, पूर्वजांतल्या देवतांची तिथली मूळ उपासना. तिला मृत्यूचा विटाळ आहे. आपल्या सुतकाशी हे इतकं जुळतं की वेगळं समजवावं लागत नाही. अंत्यविधीहून परतलेल्या माणसाला घरात शिरण्याआधी अंगावर टाकायला मिठाची पुडी देतात, तीही या शुद्धीसाठीच. देवळाने दूर ठेवलेलं प्रेत बौद्ध विहारांनी हाती घेतलं. सतराव्या शतकात ख्रिस्ती धर्म निपटून काढण्यासाठी सरकारने प्रत्येक घराला एखाद्या बौद्ध विहारात नाव नोंदवायला लावलं, आणि घराण्याचे मृत्यूचे विधी त्या विहाराशी कायमचे बांधले गेले.

भाषेतही हे मुरलं आहे. 'होतोके' म्हणजे बुद्ध. पण पोलिसी कथांमधला हवालदार प्रेतालाही 'होतोके' म्हणतो. मेलेला प्रत्येक जण बुद्ध होण्याच्या वाटेवर आहे, ही समजूत त्या एका शब्दात आहे. नरकाचा न्यायाधीश 'एन्मा' म्हणजे आपला यम. थडग्यामागे उभ्या केलेल्या लाकडी फळ्यांना 'सोतोबा' म्हणतात, तो शब्द स्तूपावरून आला, आणि त्या फळ्यांवर आजही सिद्धम् लिपीतली संस्कृत अक्षरं असतात. मला या गोष्टीचं दरवेळी नव्याने अप्रूप वाटतं: आपल्याकडे जी लिपी फक्त अभ्यासकांना ठाऊक, ती तिकडे स्मशानात उभी आहे.

एकोणपन्नास दिवस

मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्यामधल्या अवस्थेला संस्कृतात 'अंतराभव' म्हणतात. श्रीलंका-म्यानमारकडचा थेरवाद ती मानत नाही. महायान परंपरेतून ती चीन आणि जपानमध्ये पोचली. तिथल्या समजुतीप्रमाणे ही अवस्था ४९ दिवसांची, म्हणजे सात आठवड्यांची. दर सातव्या दिवशी परलोकात एक न्यायाधीश मृताचा निवाडा करतो आणि इकडे घरचे लोक सूत्रपठण करून त्याच्या पारड्यात थोडं पुण्य टाकतात. वाटेत 'सान्झु' नदी लागते, आपली वैतरणीच. आपला दहावा-तेरावा डोळ्यांसमोर आणा आणि तो ४९ दिवसांवर ताणा, की जपानी घरातलं वातावरण समजेल. त्यानंतरही वर्षश्राद्धं चालूच राहतात, पुष्कळ ठिकाणी ३३ व्या वर्षापर्यंत.

हिरोकाझु कोरे-एदा यांचा १९९८ चा 'आफ्टर लाइफ' याच मधल्या मुक्कामावर आहे. त्यात भिक्खू नाही, मूर्ती नाही, यम नाही. जुनाट शाळेसारखी एक इमारत आहे. सोमवारी धुक्यातून मेलेली माणसं तिथे येतात, नाव नोंदवतात, खोली मिळते. कर्मचारी सांगतात : आयुष्यातली एकच आठवण निवडा, ती घेऊन पुढे जायचं, बाकी सगळं इथेच राहील. मग ती आठवण हे कर्मचारी साध्या नेपथ्यावर चित्रित करतात, शनिवारी ती पडद्यावर दाखवतात, आणि बघता बघता ते लोक नाहीसे होतात. सोमवारी नवी तुकडी.

एक शाळकरी मुलगी पटकन सांगते, डिस्नेलँडची राइड. तिथे काम करणारी तरुणी तिला हळूच सांगते, की तुझ्या वयाच्या कितीतरी मुलींनी हेच निवडलं होतं. मुलगी विचारात पडते आणि मग वेगळंच आठवते: लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं, तेव्हाचा धुतलेल्या कपड्यांचा वास. या सिनेमासाठी कोरे-एदांनी पाचशेहून जास्त लोकांना भेटून 'तुम्ही कोणती आठवण न्याल?' असं विचारलं होतं, आणि त्यातले काही जण पडद्यावर स्वतःचीच आठवण सांगतात.

'पण बुद्ध सगळं सोडायला सांगतो, आणि हा सिनेमा एक धरून ठेवायला,' असं कुणी म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. एक निवडायची म्हणजे बाकीच्या हजारो आपल्या हाताने खाली ठेवायच्या. ज्यांना निवडता येत नाही ते पुढे जात नाहीत, त्याच इमारतीत दुसऱ्यांची निवड करायला मदत करत राहतात.

भूत म्हणजे अडकलेली वाट

आत्मा नसेल तर भुतं कुणाची? बौद्ध भाषेत उत्तर सरळ आहे : भूत म्हणजे न सुटलेली आसक्ती. प्रवाह पुढे जायला हवा तिथे तो एखाद्या इच्छेला अडून भोवऱ्यासारखा फिरत राहतो.

केन्जी मिझोगुची यांच्या 'उगेत्सु'मध्ये (१९५३) युद्धाच्या धामधुमीत गेंजुरो नावाचा कुंभार पैशाच्या ओढीने बायको मियागीला मागे ठेवून शहरात जातो. तिथे एका रूपवान उमराव बाईच्या वाड्यात रमतो. ती बाई कधीच मेलेली असते. लढाईत घराणं संपलं, प्रेमाचं सुख न मिळताच ती गेली, आणि तेवढ्या एका गोष्टीसाठी थांबून राहिली. एक भिक्खू कुंभाराच्या अंगावर मंत्राक्षरं लिहितो, तेव्हा तो सुटतो.

त्यानंतरचा प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल. गेंजुरो रात्री घरी येतो. घर रिकामं, चूल विझलेली. तो हाका मारत मागच्या दाराने बाहेर जातो, कॅमेरा घरातच वळतो, आणि त्याच एका सलग चित्रणात पुन्हा चुलीकडे येतो तेव्हा चूल पेटलेली, शेजारी मियागी बसलेली. ती त्याला जेवू घालते, झोपलेल्याला पांघरूण घालते, त्याचे फाटके कपडे शिवत बसते. सकाळी गावचा मुखिया येऊन सांगतो, की तिला सैनिकांनी केव्हाच मारलं. एकाच सिनेमात दोन भुतं आहेत, एक हव्यासाने थांबलेलं आणि एक काळजीने. शेवटी लहानगा मुलगा आईच्या थडग्यापुढे भाताचा वाडगा ठेवतो.

मासाकी कोबायाशींच्या 'क्वाइदान'मधली (१९६४) आंधळ्या होइचीची गोष्ट याच धर्तीची. ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्री लढाईत हेइके घराणं बुडालं; त्यांची भुतं होइचीला रोज रात्री बोलावून त्याच लढाईचं गाणं ऐकतात. स्वतःच्या मरणाची कथा पुन्हा पुन्हा ऐकणं, आसक्तीचं याहून नेमकं चित्र मी पाहिलेलं नाही. त्याला वाचवण्यासाठी भिक्खू त्याच्या अंगभर प्रज्ञापारमिताहृदयसूत्र लिहितात. 'रूपं शून्यता' सांगणारं हे सूत्र, त्यामुळे भुतांच्या डोळ्यांना त्याचं रूप शून्य होतं. मात्र कानांवर लिहायचं राहून जातं, आणि कान तेवढे दिसतात. त्याच सूत्रात पुढे डोळा नाही, कान नाही, नाक नाही अशी इंद्रियांची ओळ आहे, हे माहीत असलं की तो राहून गेलेला कान जास्तच टोचतो.

नोबुओ नाकागावांचा 'जिगोकु' (१९६०), म्हणजे 'नरक', याच्या उलट : त्यात यातना थेट दाखवल्या आहेत. तो बघायला खंबीर मन लागतं. मला स्वतःला पेटलेला नरक लवकर विसरायला होतं, मियागीची चूल विसरायला होत नाही.

प्रेताला आंघोळ घालणारे हात

आता योजिरो ताकिता यांच्या 'डिपार्चर्स'कडे येते. जपानी नाव 'ओकुरिबितो', म्हणजे निरोप देणारा माणूस. २००८ चा हा सिनेमा, २००९ मध्ये त्याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. टोकियोतल्या वाद्यवृंदात चेलो वाजवणाऱ्या दाइगोची नोकरी जाते. यामागाता प्रांतातल्या आपल्या गावी तो परततो, आणि तिथे एक जाहिरात बघून कामासाठी जातो. त्याला ती प्रवासी कंपनी वाटलेली असते, आणि काम निघतं मृतांना शवपेटीत ठेवण्यापूर्वी तयार करण्याचं.

हे काम घरच्यांसमोर, चटईवर बसून होतं. मृताच्या अंगावर कापड असतं. दाइगो त्या कापडाखालून हात घालून अंग पुसतो, कपडे काढतो, नवे चढवतो, आणि या सगळ्यात अंगाचा बोटभर भागही घरच्यांना दिसू देत नाही. बोटं एकेक करून सरळ करतो. दाढी करतो, ओठांना रंग लावतो. हे संपेपर्यंत हुंदका दाबून बसलेला नवरा अचानक म्हणतो, ही इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

पारंपरिक पद्धतीत मृताचे कपडे पांढरे असतात, यात्रेकरूचे. कपड्याची उजवी बाजू डावीवर घेतात, जिवंतपणी घेतात त्याच्या उलट. गळ्यात झोळी आणि झोळीत सान्झु नदीच्या उतराईसाठी सहा नाणी. दहनात धातू चालत नाही म्हणून आता कागदावर छापलेली. जपानमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त मृतांचं दहनच होतं. नंतर नातेवाईक जोडीने काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात, आणि म्हणूनच तिथे जेवताना एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देणं अशुभ मानतात.

दाइगोची बायको त्याचं काम कळल्यावर त्याला हात लावू देत नाही, अपवित्र म्हणते. मघाचं सुतक ते हेच. मृताला यात्रेकरू मानणारा धर्म आणि प्रेत शिवणाऱ्याला दूर सारणारा समाज, दोन्ही एकाच घरात. आपल्याकडे स्मशानात काम करणाऱ्यांना समाजाने काय दिलं हे ज्याला माहीत आहे, त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही.

दहनभूमीतला म्हातारा शेवटी सांगतो, मृत्यू हा दरवाजा आहे आणि मी दारवान. इथून जाणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणतो, "इत्तेराश्शाइ, पुन्हा भेटू." हा शब्द जपानी घरांत रोज सकाळी ऑफिसला, शाळेला निघालेल्यांना म्हणतात : जाऊन या. आपणही दारातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. भाषांतराच्या ओळींत हे हरवतं, पण मराठी कानाला तो म्हातारा काय म्हणतोय ते लगेच कळतं.

या सिनेमामागे भारताचाही धागा आहे. दाइगोचं काम करणारे मासाहिरो मोतोकी तरुणपणी भारतात आले होते आणि वाराणसीच्या घाटावर त्यांनी मृत्यू उघड्यावर पाहिला होता. पुढे शिन्मोन आओकी यांच्या, हेच काम करताना लिहिलेल्या आठवणी त्यांनी वाचल्या आणि सिनेमाची कल्पना धरली. आओकींनी मात्र आपलं नाव सिनेमाला देऊ दिलं नाही. ते जोदो शिन्शू पंथाचे. अमिताभ बुद्धावर भरवसा ठेवणारा मरताक्षणी त्याच्या सुखावती लोकात जन्मतो, असं हा पंथ मानतो. त्यामुळे यात्रेकरूचे कपडेही त्यांच्यात नसतात, कारण चालत जायची वाटच नाही. ही श्रद्धा सिनेमात उतरली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. मला तो मोलाचा वाटतो. 'जपानी बौद्ध मृत्यू' असा एकच साचा नाही हे त्यातून कळतं.

हा बुद्धाचा धम्म आहे का?

महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला जाणारच, आणि विचारायलाच हवा. १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पुनर्जन्माचा प्रश्न दोन भागांत तोडला : पुनर्जन्म कशाचा, आणि कुणाचा? देहातली मूलतत्त्वं पुन्हा एकत्र येतात. आत्मा एका देहातून दुसऱ्यात जात नाही. त्या नजरेने बघितलं तर सान्झु नदी, सहा नाणी आणि सात-सात दिवसांचे निवाडे हे सगळं उपरं दिसतं.

ते चीन-जपानच्या लोकसमजुतींतून आलेलंही आहे. जपानी टीकाकार स्वतःच 'सोशिकी बुक्क्यो', म्हणजे फक्त अंत्यविधींपुरता उरलेला बौद्ध धर्म, अशी टीका करतात. जुझो इतामींच्या 'द फ्युनरल'मध्ये (१९८४) नवरा-बायको अंत्यविधीत कसं वागायचं ते व्हिडिओ लावून शिकतात आणि भिक्खू रोल्स-रॉइसमधून येतो. तरी या विधींच्या तळाशी अनित्यतेची जाणीव शाबूत आहे, आणि चांगले दिग्दर्शक विधी बाजूला सारून तिथवर पोचतात, असं मला वाटतं.

बुद्धाशी भांडणारे सिनेमे

हे सिनेमे धर्मप्रचार करतात असा समज होऊ नये. अकिरा कुरोसावांच्या 'रान'च्या (१९८५) शेवटी आंधळा त्सुरुमारू कड्यावर एकटा उभा आहे; बहिणीने रक्षणासाठी दिलेलं अमिताभाचं चित्र त्याच्या हातून खाली पडतं. कुणी येत नाही.

इसाओ ताकाहातांचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३) तर आणखी पुढे जातो. मरणाऱ्याला न्यायला अमिताभ ढगांवरून, वाजतगाजत येतो, अशी चित्रं जपानमध्ये शतकानुशतकं काढली गेली. मरणाऱ्याच्या हातात पाचरंगी दोरी देऊन तिचं टोक मूर्तीच्या हाताला बांधत. चंद्रावरून कागुयाला न्यायला येणारी मिरवणूक हुबेहूब तशीच आहे. बुद्धासारखा राजा, प्रसन्न संगीत, दुःखाचा लवलेश नाही. अंगावर एक वस्त्र पडलं की पृथ्वीवरचं सगळं विसरायचं. कागुया रडते, या मळलेल्या, दुःखी पृथ्वीवरच राहू द्या म्हणते. इतक्या आनंदी चालीवर इतकं रडू मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात आलेलं नाही.

पण ॲनिमेत तर पुनर्जन्मच पुनर्जन्म असतो!

हे भाचीचं म्हणणं, आणि ते खरं आहे. ट्रकखाली सापडलेला मुलगा दुसऱ्या जगात जन्मतो, अशा मालिकांची रांग लागली आहे. त्यांच्या नावांत येणारा 'तेन्सेइ' हा शब्द बौद्ध परंपरेतलाच. पण तिथे नायकाला मागचं सगळं आठवतं, 'मी' तोच राहतो. शब्द बुद्धाचा, गोष्ट 'कर्ज'ची. करमणुकीला माझी हरकत नाही. फक्त अनात्म समजून घ्यायला त्या उपयोगाच्या नाहीत.

कोरे-एदांच्या 'स्टिल वॉकिंग'मध्ये (२००८) मात्र ही इच्छा साध्या घरात दिसते. थोरला मुलगा दुसऱ्याला वाचवताना बुडून गेला. त्याच्या स्मृतिदिनी रात्री घरात पिवळं फुलपाखरू शिरतं, आणि म्हातारी आई 'हा तोच' म्हणत त्याच्यामागे धावते. ते मुलाच्या फोटोवर बसतं. तो मुलगाच आहे की नाही, यावर सिनेमा काही बोलत नाही. आईचे पसरलेले हात दाखवतो.

लाकडी माशाचा आवाज

यासुजिरो ओझू १९६३ साली, १२ डिसेंबरला, आपल्या साठाव्या वाढदिवशीच गेले. कामाकुरातल्या एंगाकु-जी विहारात त्यांचं थडगं आहे. त्यावर नाव नाही, 'मू' हे एकच अक्षर : नाही, अभाव. लोक तिथे दारूच्या बाटल्या ठेवून जातात, त्यांना आवडायची म्हणून.

त्यांच्या 'टोकियो स्टोरी'त (१९५३) ओनोमिचीच्या विहारात आईचे विधी चालू आहेत. सूत्रपठणाला ताल म्हणून भिक्खू 'मोकुग्यो' वाजवतो, माशाच्या आकाराचा पोकळ लाकडी ठोकळा. टक्, टक्, टक्. आईच्या मृत्यूला वेळेवर पोचू न शकलेला धाकटा केइझो उठून बाहेर पायरीवर येऊन बसतो. वहिनी नोरिको मागोमाग येते. तो म्हणतो, तो आवाज सहन होत नाही. प्रत्येक ठोक्याला आई थोडी थोडी लहान होत चालल्यासारखी वाटते. नोरिको सांगते, उदबत्ती वाहायची वेळ झाली. तो एक जुनी जपानी म्हण पुटपुटतो, थडग्यावर काही गोधडी पांघरता येत नाही, आणि उठून आत जातो.